पिंजरे उघडू नका

वेंगुर्ल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवर मेसेज फिरतोय: ‘पाळीव पोपटांत नवा बोर्ना विषाणू सापडला आहे. तो प्रयोगशाळेत बनवलेला असून माणसांचा जीव घेतो. त्याची जनुकं वाचली गेली, हाच पुरावा. पक्षी आजच सोडून द्या.’ शेजारच्या काकींनी कॉकटेल (तुरेवाल्या छोट्या पोपटांची) जोडी खरोखरच सोडली. “घरात पोरां ल्हान आसत,” म्हणाल्या. म्हणून लिहायला बसलो.

‘नवा’ म्हणजे नव्याने ओळखलेला, आणि तोही 2008 मध्ये. त्याने होणारा आजार त्याहून जुना. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून मकाव पोपट भरपूर खाऊनही सुकत होते, विष्ठेत दाणे जसेच्या तसे पडत होते, काही झोकांड्या खात मरत होते. कारण तीसेक वर्षं हाती लागत नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ज्ञात विषाणूंच्या जनुकीय खुणा बसवलेल्या चिपवर नमुने तपासले. आजारी 8 पक्ष्यांपैकी 5 जणांत बोर्ना कुळाची खूण उमटली, आजार नसलेल्या 8 पैकी एकातही नाही. मग त्या विषाणूचा सुमारे 8,900 अक्षरांचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, वाचला गेला. सस्तन प्राण्यांतल्या, आधीच माहीत असलेल्या बोर्ना विषाणूशी त्याची जुळणी 70 टक्क्यांहूनही कमी भरली. जुन्या विषाणूत चार अक्षरं फिरवून असा विषाणू तयार होत नाही.

आणि जनुकं वाचली म्हणजे सगळं सिद्ध झालं, असंही नसतं. उरलेल्या 3 आजारी पक्ष्यांचं काय? निरोगी दिसणाऱ्या पोपटांतही हा विषाणू पुढे सापडला. प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू पोपटांना टोचल्यावर तोच आजार झाला, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं, तेव्हा दोष पक्का झाला.

माणसांचे मृत्यू? जर्मनीत 2011 ते 2013 दरम्यान खारी पाळणारे तिघे दगावले, ते खारींतल्या वेगळ्या बोर्ना विषाणूने. पोपटांतला माणसाला लागल्याची सिद्ध नोंद नाही. पोपटांपासून खरी भीती आहे ती सिटॅकोसिसची. तो जिवाणूचा आजार आहे आणि प्रतिजैविकांनी बरा होतो. वाळलेली विष्ठा धुळीसारखी उडते, म्हणून पिंजरा झाडण्याआधी पाणी शिंपडा, नंतर हात धुवा.

कॉकटेल मूळचा ऑस्ट्रेलियातला. पिंजऱ्यात वाढलेल्याला आपल्या काजूच्या बागेत दाणा शोधता येत नाही, कावळ्यांपासून पळता येत नाही. तो बाधित असेल, तर विषाणू बाहेर नेऊन सोडतो. घरात दाणे न पचलेले दिसले, पक्षी सुकू लागला, तर त्याला इतरांपासून वेगळा ठेवा आणि ताजी विष्ठा डबीत घेऊन पशुवैद्यांकडे जा.