‘%०२.२एफ’ने पॉइंटआधी दोन आकडे येतात? नाही येत

एक टिप सगळीकडे फिरतेय की प्रोग्रॅममध्ये नंबर कसा छापायचा ते सांगणाऱ्या फॉरमॅटमध्ये ‘%०२.२एफ’ लिहा, पॉइंटच्या आधी दोन आकडे, नंतर दोन, म्हणजे ५ चं ०५.०० होणार, सॉर्टिंगची कटकट संपली, आणि कुठल्याही प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये हेच चालतं. यातलं ‘नंतर दोन’ तेवढं खरंय.

फॉरमॅटमधला तो पहिला २ पॉइंटच्या आधीचे आकडे मोजतच नाही हो. तो सांगतो अख्ख्या स्ट्रिंगची, म्हणजे छापल्या जाणाऱ्या अक्षरांच्या ओळीची, कमीत कमी लांबी, त्यात पॉइंट आला, मागचे दोन आकडे आले, मायनस असेल तर तोही आला. पायथनमध्ये करून बघा, ५ चं सरळ ५.०० येतं, कारण ते आधीच चार अक्षरांचं आहे आणि तुम्ही मागितली दोन, मग शून्य लावणार कशाला? ०५.०० पाहिजे तर ‘%०५.२एफ’, आणि डेटात मायनस असतील तर तेही पुरत नाही, -५.०० मध्येच पाच जागा भरतात, तिथे ६ द्या. आणि हे ‘कमीत कमी’च आहे बरं का, ९९.९९९ दिलं की राउंड होऊन १००.०० येतं, सहा अक्षरं, जास्तीचं कोणी कापत नाही.

इथेच सॉर्टिंगचा दावा पण झोपतो. स्ट्रिंग म्हणून अक्षर-अक्षर तुलना होते, त्यामुळे १००.०० हे ९९.५० च्या आधी लागतं. मायनसमध्ये तर लांबी सेम असूनही गडबड, -०३.१४ आधी आणि -१२.५० नंतर, म्हणजे बरोब्बर उलटं. आधी नंबर म्हणून सॉर्ट करा ना, फॉरमॅट शेवटी, इतकं सोपंय.

काही जण वर शहाणपणा सांगतात की मग स्ट्रिंग करून डावीकडे शून्यं चिकटवा. जावास्क्रिप्टच्या पॅडस्टार्टला मायनस बियनस काही कळत नाही, -३.१४ चं ०-३.१४ करून देतो. पायथनचा झेडफिल मात्र चिन्ह ओळखतो, -०३.१४ देतो.

‘कुठल्याही लँग्वेजमध्ये हेच’ म्हणणाऱ्यांनी ०.१२५ दोन आकड्यांत छापून बघावं, पायथन म्हणतं ०.१२, जावा म्हणतं ०.१३. हा नंबर बायनरीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या ०-१ च्या पद्धतीत, अचूक बसतो, म्हणजे खरोखरच बरोबर मधोमध, आणि अशा वेळी पायथन सम आकड्याकडे जातं, जावा वर ढकलतं.

जावात अजून एक भानगड म्हणजे लोकेल, म्हणजे भाषा-देशाचं सेटिंग. जर्मन सेटिंगवर ३.१४ चं ०३,१४ येतं, कॉमासकट. आणि अँड्रॉइडवर फोन मराठीत असला की स्ट्रिंग.फॉरमॅट देवनागरी आकडे देतो, स्क्रीनवर झकास दिसतात, पण तीच स्ट्रिंग परत नंबर करायला डबल.पार्सडबलला दिली की नंबरफॉरमॅटएक्सेप्शन, म्हणजे एरर. फाइलमध्ये किंवा सर्व्हरला जाणारा नंबर असेल तर स्ट्रिंग.फॉरमॅटला पहिलं आर्ग्युमेंट लोकेल.रूट (कुठल्याच भाषा-देशाचं नसलेलं सेटिंग) द्या, युजरला दाखवायचा असेल तर राहू दे मराठीतच.