क्रँक पुलीतलं रबर आणि पळसाचं पान

लग्नसराई तोंडावर आली की आमच्या यवतमाळकडच्या ड्रायव्हरांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास उगवतो. यंदा एका आठवड्यात तो मला चार जणांनी पाठवला, त्यातले दोघं माझे मामेभाऊ. मजकूर असा:

"क्रँक पुली म्हणजे फक्त बेल्ट फिरवायचं चाक. मधलं रबर कंपनीनं मुद्दाम टाकलंय, लवकर खराब व्हावं म्हणून. रबर सुटलं तर नवी पुली घेऊ नका. चार टाके वेल्डिंग मारा, नाहीतर लेथवर हलकी ठोस पुली बनवून घ्या. मायलेज वाढेल, आयुष्यभर टेन्शन नाही. थरथर आली तर फाउंडेशन बदला, पुलीचा संबंध नसतो. घ्यायचीच असेल तर भंगारातली घ्या. बोल्ट सोडवायला पाना अडकवा आणि सेल्फ मारा, आपोआप सुटतो."

खाली जोडलेले हात. (फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी पाय, सेल्फ म्हणजे स्टार्टर.)

माझी गाडी आठ सीटची, अडीच लिटर डिझेल, १४ वर्षांची. वरात, दवाखाना, शेगाव, सगळं तिनं केलंय. आणि यातला वेल्डिंगचा सल्ला मी काही वर्षांपूर्वी ऐकला होता, म्हणून उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

"फक्त बेल्ट फिरवायचं चाक." हे अर्धंच खरं. क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, ही पुली त्याच्या पुढच्या टोकाला असते. अल्टरनेटर, एसी, पॉवर स्टिअरिंग या पुलीवरून फिरतात हे बरोबर. पण तेवढंच काम असतं तर एक साधं ओतीव चाक पुरलं असतं. जुनी पुली हातात घेऊन समोरून नीट बघा. मध्ये हब, जो क्रँकच्या टोकावर बसतो. त्याभोवती रबराचा पट्टा. त्याच्या बाहेर जड लोखंडी रिंग. ही रिंग हबला कुठंच टेकलेली नसते, तिला फक्त रबरानं धरलेलं असतं. एवढा खटाटोप बेल्टसाठी कोणी करत नाही.

तो क्रँकसाठी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दर फेऱ्याला दोन धमाके होतात. २००० आरपीएमला मिनिटाला ४०००, म्हणजे सेकंदाला साठच्या वर. प्रत्येक धमाका क्रँकला किंचित पिळतो आणि सोडतो. ओला दुपट्टा पिळून सोडावा तसं. एवढा जाड पोलादी दांडा पिळला जातो हे मलाही पटत नव्हतं. डोळ्याला दिसणार नाही इतकाच पिळतो, पण पिळतो. मागच्या टोकाला फ्लायव्हीलचं जड चाक असल्यानं ते टोक शांत असतं, पुढचं मोकळं टोक जास्त हलतं. आणि या पिळण्याला क्रँकची स्वतःची एक लय असते. धमाक्यांची लय त्या लयीला जुळली की पीळ दर वेळी वाढत जातो.

आमच्याकडे विहिरीवरून भरलेली गुंड डोक्यावर आणताना बाया पाण्यावर पळसाचं पान टाकत. चालण्याचा ताल आणि पाण्याच्या हेलकाव्याचा ताल एक झाला की पाणी काठावरून मानेवर येतं. पान वर असलं की हेलकावा तिथंच मुरतो. पुलीतली रिंग आणि रबर म्हणजे हेच पान. क्रँक झटके खातो, जड रिंग आपल्या सरळ चालीनं फिरत राहू पाहते, मधलं रबर दोघांच्या ओढाताणीत मळलं जातं आणि थरथरीची उष्णता करून टाकतं. पळसाचं पान कोणत्या कंपनीनं विकायला काढलं होतं?

आणि हा काही नवा डाव नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लांब क्रँकची सहा सिलिंडरची इंजिनं आली तेव्हा क्रँक तुटायला लागले. इंग्रज इंजिनियर फ्रेडरिक लँचेस्टर यानं १९१०च्या सुमारास अशा थरथरीवरच्या डॅम्परचं पेटंट घेतलं. रबर नंतर आलं, कल्पना तीच. याला हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात तेही थोडं फसवंच नाव आहे. बहुतेक इंजिनांत हा बॅलन्स करतच नाही, ते काम क्रँकवरच्या वजनांचं. हा थरथर खातो.

एक गोष्ट मेसेजवाल्याच्या पदरात टाकतो. काही लहान पेट्रोल इंजिनांवर कारखान्यातूनच बिनरबराची पुली येते. क्रँक आखूड आणि कडक असला तर त्याची लय एवढी वर जाते की रोजच्या आरपीएमला ती गाठलीच जात नाही. अशी पुली पाहून कोणी "रबराशिवायही चालतं" म्हटलं असेल. त्या इंजिनाला चालतं, म्हणून माझ्या डिझेलला चालेल असं नाही. आणि रबर खराब होतं ते कोणाच्या कटानं नव्हे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या आसपास, त्यात बॉनेटखालची भट्टी, वर क्रँकभोवती तेल अडवणाऱ्या पुढच्या सीलमधून पाझरणारं ऑइल. रबर आहे ते, कडक होऊन तडकणारच. टायरबद्दल आपण असा संशय घेत नाही.

आता वेल्डिंग. पुलीची रिंग सरकली होती, बेल्ट किंचाळत होता, एका गॅरेजवाल्यानं रिंग आणि हब यांच्यात चार टाके मारून दिले. अर्ध्या तासाचं काम. मी खूश. झालं काय ते नंतर कळलं. वेल्डिंगच्या धगीनं उरलंसुरलं रबर जळालं. रिंग हबला जखडली गेली. म्हणजे थरथर खाणारं पान गेलंच, वर क्रँकच्या मोकळ्या टोकाला एक जड लोढणं बांधलं गेलं. मोकळ्या टोकावर वजन वाढलं की क्रँकची लय खाली येते, म्हणजे आपण ज्या आरपीएमला गाडी चालवतो त्याच्या जवळ येते. रबर नुसतं गळून पडलं असतं तर बरं, अशी ही अवस्था. शिवाय टाके मारताना रिंग केसभर तिरपी बसली होती.

तिरप्या रिंगनं आठ महिन्यांत दोन बेल्ट खाल्ले. पुढच्या सीलमधून ऑइल यायला लागलं. एका ठरावीक आरपीएमला गिअर लिव्हरला बारीक झिणझिण्या यायच्या, मी रस्त्याला दोष द्यायचो. शेवटी शेगावहून परतताना मूर्तिजापूर आणि कारंजाच्या मध्ये, जिथं बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ अजून गवतात दिसतात, बेल्ट उडाला. बॅटरीचा दिवा लागला, स्टिअरिंग दगडासारखं झालं, मागं आत्या आणि तिच्या मैत्रिणी. आत्या म्हणाली, "पोरा, गजानन महाराजांची परीक्षा नको पाहू, मेकॅनिक पाहा."

दारव्ह्याच्या मिस्त्रीनं पुली काढली तेव्हा हबचा चावीचा खाचा खाल्लेला, चावी (हब क्रँकवर घसरू नये म्हणून खाचेत बसवलेला लोखंडी तुकडा) चेपलेली. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली. "रबर गेलं तं नवं घ्या ना भाऊ, क्रँकले काहून मारता?" क्रँकचा खाचा वाचला होता, एवढं नशीब. नवी पुली, सील, चावी, बोल्ट, बेल्ट, सगळं धरूनही खर्च क्रँकच्या कामाच्या आसपासही गेला नाही.

"माझ्या मित्राची गाडी वेल्डिंगवर ८० हजार चालली" असं उत्तर ग्रुपवर लगेच आलं. चालली असेल. धातू थकतो तो हिशेब ठेवून, आवाज न करता, आणि तडा गेल्यावरच सांगतो. आणखी एक: गाडीवर पुली असतानाच वेल्डिंग मारलं आणि अर्थचा चिमटा भलत्या ठिकाणी लावला तर करंट बेअरिंगमधून जातो. असं करणारे मी पाहिलेत.

"हलकी पुली, मायलेज जास्त." कडबा कुट्टीचं जड चाक ज्यानं हातानं फिरवलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. चाक गती घेईपर्यंत जोर लागतो, एकदा फिरलं की त्याच्या वजनाला वेगळा जोर लागत नाही. समृद्धीवर एकाच वेगानं जाताना पुली हलकी की जड यानं डिझेलला फरक पडत नाही. शर्यतीत गाडी झपकन उचलायची असते, तिथं हलक्या पुलीला अर्थ असेल, आणि ती इंजिनं वारंवार उघडली जातात. लेथवर घेर कमी करून बनवलेली पुली लावली तर अल्टरनेटर हळू फिरेल आणि रात्री बॅटरी रडेल, ते वेगळंच.

थरथर फाउंडेशनची की पुलीची, हे खडूनं कळतं. इंजिन बंद, चावी खिशात. हबवरून रबरावर आणि रबरावरून रिंगवर एक सरळ खडूची रेघ ओढा, खडू पुसत असेल तर रंगाची. चार दिवस गाडी चालवा. रेघ तुटून दोन तुकडे मागेपुढे झाले असतील तर रिंग सरकली. काही इंजिनांवर टायमिंगची, म्हणजे इंधन कधी पेटावं ते जुळवायची, खूण याच रिंगवर असते. रिंग सरकली की खूणही खोटं बोलते आणि मेकॅनिक टायमिंग जुळवत बसतो. रबराला भेगा, रबर बाहेर फुगलेलं, बेल्टची एक कड झिजलेली, आयडलला पुढून टकटक, ही बाकीची लक्षणं. टकटक ऐकून क्रँकवरचं बिग एंड बेअरिंग गेलं म्हणून इंजिन उघडायला निघालेले लोक आहेत, आधी पुली बघा. चालू इंजिनात पुली डगमगते का हे लांबून बघायचं, गळ्यातला दुपट्टा काढून ठेवून. फाउंडेशन गेलेलं असू शकतं, दोन्हीही गेलेलं असू शकतं.

सेल्फ मारून बोल्ट सोडवायची युक्ती आहे आणि ती लागूही पडते. पाना निसटला तर रेडिएटरमध्ये जातो नाहीतर मनगटात, आणि इंधन बंद केलं नसेल तर इंजिन चालू होतं. पान्यासकट. मेसेजमध्ये बॅटरी, इंधन यांचा उल्लेखही नाही. क्रँक धरून ठेवायचं टूल मिळतं, मोठ्या पान्याला पाइप लावून शांतपणे सोडवा. पुली खेचायला पुलर हबच्या आट्यांत बसवायचा, बाहेरच्या रिंगला आकडे लावले तर चांगलं रबरही फाटतं. बसवताना घन मारायचा नाही, तो मार थेट क्रँकला मागेपुढे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. पुली निघालीच आहे तर सील बदला. बोल्ट टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्याला. काही इंजिनांत तो बोल्ट आणखी ठरावीक अंश फिरवावा लागतो आणि एकदा काढला की नवाच घालावा लागतो. बऱ्याच इंजिनांत हाच बोल्ट क्रँकवरचं टायमिंगचं गिअरही दाबून धरतो, त्यामुळे "हातानं घट्ट वाटला" हे माप नाही.

भंगारातल्या पुलीचं रबर तुमच्या रबराएवढंच म्हातारं असतं. बाहेरच्या चांगल्या मेकची नवी चालेल, कंपनीचीच हवी असा माझा हट्ट नाही, पण ती त्याच इंजिनाची हवी. रबराचा कडकपणा आणि रिंगचं वजन त्या क्रँकच्या लयीवरून ठरवलेलं असतं. मापाला बसली म्हणजे जुळली असं होत नाही.

माझी जुनी पुली, चार टाक्यांसकट, डिकीत पडून आहे. मामेभावांनी पाहून घ्यावी. खडूची रेघ नव्या पुलीवर काल पाहिली, सरळ होती.