३१ तारखेचं क्लोरीन

काल ३० तारीख होती. आणि ग्रामपंचायतीच्या पाणी शुद्धीकरणाच्या त्या लांबट वहीत ३१ तारखेची ओळ भरून तयार होती. वेळ सकाळी साडेसहा, टीसीएल टाकली, ओटी टेस्ट पॉझिटिव्ह, पुढं सही. टीसीएल म्हणजे पाण्यात टाकायची क्लोरीनची पावडर, ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणं. जो दिवस अजून उजाडलाच नाही, त्या दिवसाचं पाणी तपासून झालेलं!

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. वाटलं, दवाखान्यात दोन रात्री जागून आपलंच तारखेचं भान सुटलंय. मग मागची पानं उलटली. २१ ते २४ मोटार जळाली होती. चार दिवस गावात नळाला थेंब नव्हता, आम्ही बाया घागरी घेऊन टँकरमागं पळत होतो, एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या बाकी होत्या. वहीत त्या चारही दिवशी टीसीएल टाकलेली आणि टेस्ट पॉझिटिव्ह. २१ ला अक्षरं लिहिलीत, खाली तीन दिवस नुसत्या दोन-दोन रेघा ओढल्यात. शब्द लिहायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत हो!

ओटी टेस्ट म्हणजे काय डोंगर फोडायचाय? काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब सोडायचे, पिवळं झालं की क्लोरीन आहे. मिनिटाचं काम. आणि टीसीएलचं गणित तर माझ्या चौथीतल्या पुतण्यालाही येतं. हजार लिटरला पाच ग्रॅम. आमची टाकी पन्नास हजार लिटरची. झाली अडीचशे ग्रॅम. पाव किलो! रोज पाव किलो पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा-पाऊण तास थांबून पाणी सोडायचं. एवढ्यासाठी गावानं माणूस ठेवलाय, त्याला पगार आहे.

तोच पुतण्या २७ तारखेच्या रात्री आठ-दहा वेळा परसाकडं पळाला. उलट्या वेगळ्याच. पहाटे जाऊबाईंनी हाक मारली तेव्हा त्याचे डोळे खोल गेले होते, ओठांवर पापुद्रा आला होता. मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती परत जाईना. तशीच उभी राहिली, मळलेल्या कणकेला चिमटा घ्यावा तशी. दिवसभर गावभर हुंदडणारं पोर, त्याला "पाणी" म्हणायचीही ताकद नव्हती. आमच्या आळीत त्या दोन दिवसांत पाच घरांत हेच. आत्याबाईंना तर अजून धड उभं राहता येत नाही.

म्हणून काल ग्रामपंचायतीत गेले होते विचारायला. तर काय ऐकायला मिळालं? "वहिनी, पाण्याचं काय न्हाय, वातावरणच तसं हाय. आनि वही काय, ती तालुक्याला दाखवाय लागती." तालुक्याला दाखवायला! म्हणजे पाणी आम्ही प्यायचं आणि क्लोरीन तालुक्यानं बघायचं, कागदावर.

जिन्याखाली टीसीएलचं पोतं होतं. तोंड उघडं, वर झाडू ठेवलेला. ताजी पावडर असली की पोतं उघडल्या उघडल्या नाकाला झोंबते, डोळ्यांतून पाणी काढते. मी वाकून वास घेतला, काही नाही. भिंतीच्या चुन्यासारखा मंद वास. दमट हवेनं ढेकळं झालेली, क्लोरीन कधीच उडून गेलेलं. म्हणजे समजा टाकली असती, तरी ही पावडर काय करणार होती? शिपायाला म्हटलं, हे पोतं कधी आलं? तो म्हणाला, "मागल्या वर्साचं आसंल."

या दिवसांत तर डोळ्यांत तेल घालून बसायला पाहिजे. मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते. रोहिणीत एक वळीव कोसळतो आणि सहा महिन्यांचा उकिरडा, शेणकाला, शेताच्या बांधावरची घाण, सगळं ओघळानं विहिरीत उतरतं. पाणी गढूळ झालं की पावडर जास्त लागते, कमी नाही. जुलाब, कावीळ, विषमज्वर, सगळ्यांची सुरुवात याच पंधरवड्यात होते, आणि आमच्या माणदेशात दरवर्षी होते. हे कुणाला माहीत नाही? ग्रामसेवक भाऊसाहेबांना माहीत नाही? आमचे नातेवाईक अंथरुणाला खिळतात त्याच आठवड्यात ते बरोबर मीटिंगला गेलेले असतात.

आणि गटारं! दहा दिवसांपूर्वी गटारं उपसली. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, खाली पन्नास जणांनी हात जोडले. उपसलेला काळा गाळ कुठं टाकला? गटाराच्याच काठावर. ट्रॉली सांगितली नव्हती म्हणे. मंगळवारी पाऊस आला आणि तो सगळा गाळ परत गटारात, उरलेला व्हॉल्व्हच्या खड्ड्यात. त्या खड्ड्यात पाइपलाइनचा सांधा गळतोय हे मी गेल्या दिवाळीपासून सांगतेय. पाणी चालू असतं तेव्हा ते बाहेर गळतं, बंद झालं की तोच सांधा गटाराचं पाणी आत ओढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घागर कुणाची भरते, तिनं ते प्यायचं.

त्यात भर आमच्याच लोकांची. अर्ध्या नळांना तोट्या नाहीत. ज्यांची ऐपत आहे त्यांनी थेट लाइनला मोटारी लावल्यात, मग फुटक्या सांध्यातून आणखी जोरात ओढलं जातं. बोलायला गेलं की, "आमी ह्येच पानी पिऊन मोठं झालो." झालात ना! तुमच्या बरोबरीची जी झाली नाहीत ती कुठं आहेत ते तुमच्या आईला विचारा. आत्याबाईंची दोन लेकरं गेली हगवणीनं. त्यांच्या तोंडून ते वाक्य मी कधी ऐकलं नाही.

लग्नातले ते जार, त्यांचा वेगळाच राग आहे. पाणी गार आहे म्हणजे शुद्ध आहे असं कुणी सांगितलं? कुठून भरलं विचारा, कुणी सांगत नाही.

आणि सलाईन. पोराला जुलाब लागले की आधी सलाईन, त्यात पिवळं इंजेक्शन, हजार-दीड हजार मोजून "ताकद आली". पोर पीत असेल तर पाजा ना त्याला! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन पुरेना, तेव्हा पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोज-सोड्याचं पाणी ड्रमातून वाटून माणसं वाचवली. त्याच धर्तीचं ओआरएसचं पाकीट आज आशाताईंकडं फुकट मिळतं. नसलं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, तसाच अर्धा चमचा मीठ. आमच्या पोराला सलाईन लागलं कारण त्याला घोटभरही टिकत नव्हतं. पण त्याच्या शेजारच्या खाटेवरची बाई बसून चहा पीत होती आणि तिलाही बाटली टांगलेली.

गावाला हिरवं कार्ड आहे, तेही सांगते. पाण्याच्या स्रोताला धोका कमी असला की हिरवं, मध्यम असला की पिवळं, जास्त असला की लाल. एप्रिलच्या पाहणीत आम्हाला हिरवं मिळालं. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर उकिरडा आहे, कठड्याला भगदाड आहे, त्यातून कुत्री आत डोकावतात. कुणी पाहणी केली, कुठं उभं राहून केली, मला दाखवा. वाढदिवसाच्या फ्लेक्सला चौकात दर महिन्याला पैसे निघतात. त्या भगदाडाला दोन पाट्या सिमेंट निघत नाही.

आशाताईंकडून काल संध्याकाळी ओटीची नळी आणि बाटली मागून आणली. आज ३१. साडेसहाला घागर घेऊन नळावर उभी राहिले. रात्रीपासून लाईट गेलेली, टाकी रिकामी, नुसती हवा आली. आठला टँकर आला, त्यातलं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले. पाण्यासारखं पाणी राहिलं, पिवळ्याचा अंशही नाही.

तसंच उठून ग्रामपंचायतीत गेले. वही टेबलावरच होती. ३१ ची ओळ होती तशी आहे, आणि तिच्याखाली १ तारीख भरलेली आहे.