रात्रीची लाईट चांगलीच असते म्हणे

आज दुपारी माझा भाचा नवी गाडी घेऊन सातारा जिल्ह्यातल्या नागठाण्याजवळच्या आमच्या मळ्यात आला आणि रात्री जेवताना असे एक वाक्य बोलून गेला की, ते लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. झोप तशीही नाहीच, कारण या आठवड्यात शेतीपंपाच्या विजेची आमची रात्रीची पाळी आहे.

आधी गाडीविषयी सांगतो, कारण गाडीवर माझा राग नाही. मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही, पूर्ण विजेवर चालणारी, सात जणांची. जुळणी आपल्या चाकणला होते आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा शोरूमची किंमत १ कोटी ४१ लाखांपासून सुरू होती. जवळ जाताच दाराच्या मुठी आपोआप बाहेर आल्या, तेव्हा आण्णा, माझे वडील, एक पाऊल मागे सरले. आत या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब काच असून तिच्याखाली पडदे आहेत. गाडी चालवायची की दूरदर्शन पाहायचे असा प्रश्न मला पडला, पण ते माझ्या वयाचे दोष असतील. गोठा आणि पाण्याच्या मोटारीची खोली यांच्यामधल्या ज्या जागेत उसाची ट्रॉली वळवताना ट्रॅक्टरला तीनदा मागेपुढे करावे लागते, तिथे ही पावणेतीन टनांच्या घरातली गाडी एका दमात वळली, कारण तिची मागची चाकेही वळतात. आवाज इतका कमी की अंगणातल्या कोंबड्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी त्यांना हाताने हुसकावावे लागले. मन लावून केलेले काम आहे, हे मान्यच करायला हवे.

आण्णांनी गाडीला एक पूर्ण फेरी मारली आणि विचारले, "हिची बॅटरी किती सेलची?" सगळे हसले. मला हसू आले नाही.

आमच्या घरात बॅटरी म्हणजे टॉर्च. आण्णांची तीन सेलची होती, पत्र्याची, पुढून चेपलेली. सेल उतरले की आई ते दिवसभर उन्हात ठेवायची आणि त्यावर आणखी एक रात्र निघायची. मी दहावीत असताना एका रात्री उसाला पाणी द्यायला दारे धरता धरता ती बॅटरी विझली. ऊस डोक्याच्या वर गेलेला, पायाखाली चिखल, आणि जवळच काहीतरी सळसळले. पहाटे मी चहा घेऊन गेलो तेव्हा आण्णा हातात खोरे धरून जागच्या जागी उभे होते. तीन-चार तास त्यांनी पाऊल उचलले नव्हते. काय सळसळले ते कधीच कळले नाही. मला पाहिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला तो मोटार चालू आहे ना, हा.

आता या गाडीची बॅटरी १२२ युनिटांची आहे. आमच्या विहिरीवरच्या पाच एचपीच्या मोटारीला ही वीज तीन रात्री तरी पुरेल. कागदोपत्री ती एका भरणीत ८०९ किलोमीटर जाते. प्रत्यक्षात कमी जात असेल, तरी पुण्याहून येऊन तिच्या पोटात बरीच शिल्लक होती. पण उद्या गोव्याला जायचे म्हणून भाच्याने गोठ्यातल्या पंधरा अँपिअरच्या प्लगला वायर लावली. त्या प्लगमधून ताशी जेमतेम अडीच-तीन युनिटे जातात, म्हणजे रिकामी गाडी पूर्ण भरायला चाळीस तासांहून अधिक लागतील. एवढा वेळ थांबावे लागलेच नाही, कारण दहाव्या मिनिटाला आमचे जुने वायरिंग तापले आणि घर अंधारात गेले.

तेव्हा कंदिलाच्या उजेडात जेवताना तो म्हणाला, "मामा, उलट रात्रीची लाईट चांगलीच असते. तेव्हा मागणी कमी असते, गाडी नेहमी रात्रीच चार्ज करायची."

शास्त्र म्हणून ते अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच माझ्या डोक्यात तिडीक गेली. रात्रीची लाईट चांगली कोणाला? जो प्लग लावून गादीवर झोपतो त्याला. आमच्याकडे ती आली की माणसाने उठून चिखलात उतरायचे असते. आणि ही वीज येते कुठून? याच जिल्ह्यात कोयनेचे धरण झाले, गावेच्या गावे शिवसागर जलाशयाच्या पाण्याखाली गेली, ते पाणी डोंगर पोखरून पोफळीच्या वीजघराकडे उतरवले आणि १९६० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला. चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत. डोंगर आमचे, पाणी आमचे, वारा आमचा, आणि विजेची वेळ मात्र आम्ही विचारून घ्यायची!

कराचेही तसेच. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत ट्रॅक्टरवर १२ टक्के जीएसटी होता आणि दीड कोटीच्या विजेच्या गाडीवर ५ टक्के. आता दोन्हींवर ५ टक्के आहे, म्हणजे सरकारच्या लेखी आमचा ट्रॅक्टर आणि ती गाडी एका पंगतीला बसली. राज्याने २०२५ च्या मार्चमध्ये ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला. इतक्या तत्परतेने आमचे काय मागे घेतले गेले, ते आठवून पाहतो आहे.

होय, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारींचे बिल माफ आहे आणि काही गावांना सौर फीडरवरून, म्हणजे सौरऊर्जेच्या वाहिनीवरून, दिवसा वीज मिळू लागली आहे, हे मला ठाऊक आहे. खंबाटकी घाटाच्या चढावर डिझेलचा धूर खाण्यापेक्षा अशा गाड्या बऱ्या, हेही खरे. आणि "मामांना मत्सर वाटतो" असे जे खाली लिहिणार आहेत त्यांना आधीच सांगतो, की थोडा वाटतो.

भाचा मनाने वाईट नाही. संध्याकाळी त्याने आण्णांना पुढे बसवून हायवेवरून फिरवून आणले, त्यांच्या सीटची पाठ गरम करून दिली, आणि आल्यावर आण्णा बराच वेळ कंबर चाचपत होते. माझा आवाज चढल्यावर तो गप्प झाला. नंतर तो ओसरीवर आण्णांजवळ जाऊन बसला आणि त्यांनी त्याला ती उसातली रात्र सांगायला घेतली. त्यात आता साप दोन हात लांब झाला आहे. मी मध्ये बोललो नाही.

साडेदहाला शेतीची लाईट येईल. ऑटो स्विच लावला आहे, मोटार आपली आपण सुरू होईल, पण दारे धरायला अजून माणूसच लागतो. भाचा सोबत येतो म्हणाला आहे. त्याच्या पायातले पांढरे बूट काढायला लावून मी त्याला आण्णांचे गमबूट दिले आहेत. बॅटरीत नवे सेल घातले आहेत.