साडूंचे नियम आणि माझा पास

अमेरिकेत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला पोटभर जेवून टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे तिकडचा चेंडू हाताने फेकायचा आणि घेऊन पळायचा खेळ, पाहायचा रिवाज आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या साडूंनी तो मनापासून स्वीकारला असून त्याला स्वतःची पुरवणीही जोडली आहे. टीव्हीवरचा सामना संपला की ते तळघरातून पत्र्याचे एक मैदान वर आणतात, त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसतात आणि "या, तुमची टीम लावा" असे म्हणतात. सासुरवाडीच्या नात्यात या आमंत्रणाला नकार देता येत नाही.

इलेक्ट्रिक फुटबॉल नावाचा हा खेळ न्यूयॉर्कच्या ट्यूडर कंपनीचे नॉर्मन सास यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. पत्र्याखाली विद्युतचुंबक असतो, स्विच दाबला की पत्रा थरथरतो आणि प्लास्टिकच्या बैठकींवर उभे केलेले प्रत्येकी अकरा खेळाडू, बैठकीखालच्या तिरक्या, केसासारख्या पायांवर गुणगुणत चालू लागतात. ते चालतात एवढेच खरे. कोठे चालतात हे त्यांनाही ठाऊक नसते. पंगतीत जागा न सापडलेल्या पाहुण्यांप्रमाणे काही जण स्वतःभोवती फिरतात, दोघे एकमेकांना छाती लावून थरथरत राहतात, आणि ज्याच्याकडे चेंडू आहे तो हमखास आपल्याच गोलरेषेकडे निघतो. बैठकीखालची चकती फिरवून किंवा पाय चिमट्याने किंचित वाकवून त्यांची वाट वळवता येते, म्हणून साडूंच्या शर्टाच्या खिशात त्या दिवशी पेनाऐवजी चिमटा असतो.

चेंडू आपल्याकडेच राहावा म्हणून पुढे सरकावे लागणारे दहा यार्ड धावून काढणे असे दुष्कर असल्यामुळे पास देणे आले, आणि खरी भांडणे तेथून सुरू होतात. मूळ पद्धत साधी आहे. स्विच बंद करायचा, क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूच्या जागी स्प्रिंगच्या हाताचा खास पुतळा ठेवायचा, त्याचा हात मागे ओढून इवलासा चेंडू सोडायचा. चेंडू थेट आपल्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलायच्या खेळाडूला लागला तर पास पूर्ण, प्रतिस्पर्ध्याला लागला तर चेंडू त्याचा, नाहीतर खाली पडला म्हणून वाया. मात्र हा चेंडू माशीच्या वजनाचा असल्यामुळे पंख्याच्या वाऱ्यानेही भरकटतो, आणि दोन बोटे उंचीच्या पुतळ्याला तो लागणे हा नेमबाजीपेक्षा पुण्याईचा भाग ठरतो. त्यामुळे घरोघरी सवलती निघाल्या: कोणी फासे टाकून निकाल लावतात, तर कोणी चेंडू रिसीव्हरपासून ठरावीक अंतरात पडला की झेल मानतात.

साडूंचे बालपण दादरच्या गल्लीत गेले असल्याने त्यांनी यात 'वन टप्पा' घुसवला आहे. चेंडू पत्र्यावर एकदा आपटून रिसीव्हरला लागला तरी झेल, ही सवलत तत्त्वतः दोघांना सारखी आहे, प्रत्यक्षात माझा चेंडू टप्पा घेऊन लागला की "अहो, तो घरंगळत गेला, टप्पा कुठला?" अशी हरकत येते.

नियम पाहूनच डाव आखावा लागतो, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. थेट स्पर्शाचा नियम असेल तर लांब पासच्या नादी लागू नये. दोन रिसीव्हर जवळच, एकामागे एक येतील असे सोडावेत, म्हणजे पहिल्याचा चुकलेला चेंडू दुसऱ्याला लागण्याची आशा उरते आणि मध्ये बचावपटू शिरायला फट राहत नाही. अंतराची सवलत असेल तर सर्वांत वेगवान बैठक कडेला लावावी, तिची चकती सरळ ठेवावी आणि लांबच फेकावे. फासे असतील तर विचार करण्याचे कारणच नाही. प्रत्येक वेळी पास द्यावा आणि चहा मागवावा.

याहून मोठा प्रश्न झेलानंतरचा. रिसीव्हरला चेंडू लागला तेव्हा त्याचे तोंड आपल्याच गोलरेषेकडे असेल, तर त्याला वळवता येते का? काही घरांत येते, काही घरांत येत नाही. आमच्या येथे साडूंच्या खेळाडूंना येते. माझ्या नशिबी मागच्या नोव्हेंबरात तीस यार्डांचा असा देखणा पास आला की स्वयंपाकघरातून मेहुणीसुद्धा पाहायला आली. स्विच पुन्हा चालू होताच माझा नायक चेंडू घेऊन, वाटेत कोणाचाही अडथळा न होता, ते तीसच्या तीस यार्ड संथपणे परत आला. "स्पिरिट ऑफ द गेम" असे म्हणून साडूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

यंदा दिवाळीच्या फोनवरच त्यांनी नवी दुरुस्ती सुचवली आहे. पास फेकण्यापूर्वी कोणाला फेकणार ते मोठ्याने सांगायचे, आणि भलत्यालाच लागला तर बाद. माझी हरकत नाही, मात्र खेळ थांबवणारा स्विच या वेळी माझ्या हाताशी राहील, एवढी अट मी घातली आहे. रिसीव्हर मोकळा सापडण्याचा नेमका क्षण तोच ठरवतो, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे, म्हणून "बायकांना विचारून सांगतो" असे त्यांचे उत्तर आले आहे.