बर्फ सारला, पण उचलला का?

हिमवादळ ओसरल्यावर शहराने काम कसं केलं हे पाहायचं असेल तर हमरस्त्याच्या मधल्या लेनकडे पाहू नका. ती लेन लवकर काळी होते आणि बातम्यांत तीच दिसते. तिसऱ्या दिवशी चौकाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहा. फुटपाथचा उतार रस्त्याला मिळतो तिथे गुडघाभर उंचीचा, करडा, दगडासारखा झालेला बर्फाचा बांध आहे का? बसचं दार उघडतं तिथे पाय टेकायला जागा आहे का? व्हीलचेअर, बाबागाडी, काठी टेकत चालणारं वयस्क माणूस तिथून पलीकडे जाऊ शकतं का? माझ्या मते शहराला गुण द्यायचे ते याच दोन मीटरवर.

हा बांध प्लाऊच, म्हणजे पुढे पातं लावलेला बर्फ सारणारा ट्रकच, बांधतो. प्लाऊचं पातं सरळ नसतं, साधारण ३० ते ३५ अंश तिरकं असतं, म्हणून बर्फ एका बाजूला घरंगळत जातो आणि कडेला त्याची सलग रांग तयार होते. गाडी चौक ओलांडते तेव्हा हीच रांग पादचारी मार्गावर आडवी पडते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, पात्याने दाबलेला ४०० किलोच्या पुढे जातो. त्यात खारट चिखलपाणी मिसळतं, रात्री ते गोठतं आणि सकाळी फावडं आत शिरत नाही. पात्याच्या टोकाला खाली-वर होणारी झडप लावून चौकापुरता बर्फ धरून ठेवता येतो. अशी साधनं आहेत, पण त्यांनी फेरीचा वेग कमी होतो, आणि जिथे कंत्राटाचे पैसे किलोमीटरवर मोजले जातात तिथे वेग कमी करायला कोण तयार होणार?

बर्फ हटवताना रस्त्यावर मीठही टाकतात. त्याबद्दल मोठा गैरसमज आहे, तो आधी दूर करतो. मीठ टाकलं की बर्फ वितळून जातो, असं लोक धरून चालतात. हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर फक्त १ मिलिमीटर जाडीचा, घट्ट गोठलेला बर्फ म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. उणे ५ अंशांवर तो पूर्ण वितळून पाणीच राहावं यासाठी सुमारे ८ टक्क्यांचं द्रावण व्हावं लागतं, म्हणजे ७५ ते ८० ग्रॅम मीठ. रस्त्यावर मात्र एका फेरीत चौरस मीटरला साधारण १० ते ४० ग्रॅम मीठ पडतं. म्हणजे १५ सेंटिमीटर बर्फ मिठाने घालवण्याचा प्रश्नच येत नाही. मिठाचं काम एकच: बर्फ आणि डांबर यांची पकड सोडवणं, म्हणजे पात्याला तो खरवडता येतो. आधी प्लाऊ, मागून मीठ, हा क्रम चुकला तर पुढचा प्लाऊ तेच मीठ कडेच्या गटारात लोटून देतो.

डांबरावर बर्फाची पकड मुळात बसूच नये म्हणून वादळाआधी मिठाचं पाणी फवारणं ही या कामातली सर्वांत शहाणपणाची पायरी आहे. द्रावण २३ टक्क्यांचं हवं, कारण त्याच प्रमाणाला गोठणबिंदू सर्वांत खाली, उणे २१ अंशांवर असतो. जास्त घट्ट केलं तरी उपयोग नाही, नळ्यांत स्फटिक धरतात. लेनच्या एका किलोमीटरला सुमारे १०० लिटर, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम ८ ग्रॅम मीठ. रस्त्यावर दिसतात त्या समांतर पांढऱ्या रेघा याच. पण वादळ पावसाने सुरू होणार असेल तर फवारू नका, सगळं वाहून जातं. आणि रस्त्याचं तापमान उणे १० च्या खाली गेलं की साधं मीठ इतकं मंद काम करतं की त्याचा भरवसा धरू नये. तिथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड लागतं, नाहीतर नुसती खडी टाकून पकड मिळवावी. तापमान रस्त्याचं बघायचं, हवेचं नाही. पुलाखालूनही वारा जातो, म्हणून पूल आधी गोठतो.

कोरडं मीठ वेगात टाकलं तर उड्या मारून कडेला जातं. टनाला ३०-४० लिटर द्रावणाने ते ओलं केलं आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आसपास ठेवली तर खूपच जास्त मीठ रस्त्यावर टिकतं. मीठ टाकणारं यंत्र दर हंगामाआधी तोलून घ्यावं लागतं: ठरावीक वेळ चालवायचं, पडलेलं मीठ वजन करायचं, आणि हे प्रत्येक ट्रकसाठी वेगळं. हे केलं नाही की चालकाला वाटतं १५ ग्रॅम पडतंय, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पटही पडत असतं. हे मीठ कुठे नाहीसं होत नाही. नदी-तळ्यांत मिठातलं क्लोराइड लिटरला २३० मिलिग्रॅमच्या वर बराच काळ राहिलं तर जलचरांना धोका, असा अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा निकष आहे, आणि क्लोराइड नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरणात निघत नाही.

आता उचलण्याकडे येतो, कारण खरा खर्च आणि खरी कसोटी तिथे आहे. ३.३ मीटर रुंदीच्या एका लेनवर १५ सेंटिमीटर बर्फ पडला तर १ किलोमीटरला सुमारे ५०० घनमीटर होतो. दाबून तो सव्वाशे घनमीटरवर आला तरी मोठ्या ट्रकच्या सात-आठ फेऱ्या, आणि तेही फक्त एका लेनच्या. गाड्या दोन्ही कडांना उभ्या असलेल्या अरुंद गल्लीत सारलेला बर्फ जाणार कुठे? दुसऱ्या वादळात बांध दुप्पट होतो, तिसऱ्यात अग्निशमन दलाची गाडी आत शिरत नाही.

कॅनडातलं माँट्रियल हे काम गांभीर्याने करतं. आधी सारणं, मग रस्त्याच्या एकेका बाजूला पार्किंगबंदीच्या पाट्या, मग भोंगा वाजवत येणारी टो गाडी, मागून स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून ट्रकमध्ये उडवणारं यंत्र, आणि त्याच्या शेजारून चालणारी ट्रकची रांग. उभी गाडी जवळच्या मोकळ्या रस्त्यावर नेऊन ठेवतात. बर्फ ठरावीक मैदानांवर, जुन्या दगडखाणीत, किंवा सांडपाण्याच्या मोठ्या नळांत उघडणाऱ्या तोंडांतून खाली जातो. पुरेसा साठल्याशिवाय उचलणं सुरू होत नाही आणि पूर्ण व्हायला काही दिवस लागतात, तक्रारीही होतात. पण उचलायचं हे तिथे गृहीत आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. जपानमधल्या सप्पोरोत हिवाळ्यात सुमारे ५ मीटर बर्फ पडतो. तिथे रात्री रस्ते मोकळे करतात आणि काही भागांत रस्त्याखालच्या वाहत्या पाण्याच्या नाल्यांत बर्फ सोडतात.

एक साधी गोष्ट बहुतेक ठिकाणी राहून जाते: गटाराची जाळी. बांध नेमका जाळीवर बसतो. दुपारी ऊन पडलं की वितळलेलं पाणी कोपऱ्यावर तुंबतं, रात्री त्याचं काचेसारखं आवरण होतं. हाडं मोडतात ती इथे. वादळानंतर जाळ्या मोकळ्या करायला फावडं आणि दोन माणसं पुरतात, मोठं यंत्र लागत नाही.

आधी कुणाची वाट मोकळी करायची, हा प्रश्न राजकीय आहे आणि तो तसाच मांडावा. १९६९ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कमध्ये क्वीन्सचा भाग दिवसेंदिवस बर्फाखाली राहिला आणि महापौर जॉन लिंडसे यांच्यावरचा राग वर्षानुवर्षं गेला नाही. १९७९ मध्ये शिकागोत मायकेल बिलँडिक पक्षाची प्राथमिक निवडणूक हरले, त्यात जानेवारीच्या बर्फाचा मोठा वाटा होता. स्वीडनमधल्या कार्लस्कूगाने वेगळा विचार केला: १० सेंटिमीटर बर्फातून मोटार जाते, पायी माणूस आणि सायकल अडते, म्हणून आधी पायवाटा आणि बसथांबे. स्टॉकहोमनेही ती वाट धरली. २०१६ च्या नोव्हेंबरात विक्रमी बर्फ पडून शहर ठप्प झालं आणि खापर धोरणावर फुटलं. मला ते पटत नाही. रस्त्याचा मोठा प्लाऊ फुटपाथवर चढत नाही, दोन्ही कामांची यंत्रं आणि चालक वेगळे असतात. कागदावर क्रम बदलून उपयोग नाही, दीड मीटर रुंदीची छोटी यंत्रं पुरेशा संख्येने घ्यावी लागतात. सायकलमार्गांवर फिरता झाडू आणि मागे मिठाचं पाणी ही जोडी पात्यापेक्षा कितीतरी चांगली चालते, कारण झाडू खाचांतला बर्फही काढतो.

आता अनेक शहरं प्लाऊ कुठून गेला हे नकाशावर दाखवतात. चांगली गोष्ट आहे, पण तो ठिपका गाडी गेल्याचा असतो. पातं खाली होतं की वर, हे त्यावरून कळत नाही. पात्याला सेन्सर लावून ती नोंदही उघडी करा. आणि कंत्राटात रस्त्याच्या फेऱ्यांसोबत ही ओळ घाला: वादळ थांबल्यापासून ४८ तासांत प्रत्येक चौकाचे सगळे उतार आणि प्रत्येक थांब्यावर बसच्या दोन्ही दारांसमोरची जागा किमान दीड मीटर रुंदीत, खालची फरशी दिसेपर्यंत मोकळी, तपासणी फोटोसह, आणि प्लाऊ पुन्हा फिरून बांध पडला तर ते काम पुन्हा त्याच कंत्राटदाराचं.