'चाली आतमध्ये भरून ठेवलेल्या होत्या' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमचं म्हणणं असं की 1970च्या दशकातले ते चेस कॉम्प्युटर म्हणजे नुसती खेळणी, चाली आत आधीच भरून ठेवलेल्या, मग प्रोग्रॅमिंगचं एवढं कौतुक कशाला, आजचा साधा मोबाईल त्यांना सहज हरवेल. मोबाईलचं मान्य. चाली भरल्याचं मात्र अजिबात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी हिशोब करू. पहिल्या चालीला समोरच्याकडे 20 पर्याय, पुढे दरवेळी साधारण 30 धरा. यंत्राने प्रत्येक चालीला एकच उत्तर पाठ करायचं म्हटलं तरी तिसऱ्या चालीला 18,000 उत्तरं लागतात. आणि पीटर जेनिंग्ज या प्रोग्रॅमरने 1976 साली ज्या किम-1 या छोट्या कॉम्प्युटरवर मायक्रोचेस हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम लिहिला त्याची मेमरी होती 1,152 बाइट, त्यातच प्रोग्रॅम, त्यातच पट, सगळं त्यातच! ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, थोड्या चाली भरता यायच्या, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर, पण समोरच्याने वाट सोडली की पुढे शोधाशोध यंत्रालाच करावी लागायची.

ती कशी, तर शक्य ती प्रत्येक चाल आतल्या पटावर खेळून बघायची, समोरच्याची उत्तरं काढायची, मारामारीत काय मिळतं काय जातं त्याचे गुण द्यायचे आणि चाल उलटी फिरवून पट पूर्ववत करायचा, कारण पटाच्या कॉप्या ठेवायला जागाच नव्हती. पट म्हणजे तरी काय, 32 मोहऱ्यांपैकी कोण कुठल्या घरात एवढीच यादी.

आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे घरांचे नंबर. पहिला आकडा ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या जागेचा, दोन्ही 0 ते 7. हत्ती 37 वरून उजवीकडे सरकवला की 38, म्हणजे पटाबाहेर. 30 वरून डावीकडे गेला तर हेक्समध्ये (म्हणजे 16 च्या पटीत मोजायच्या पद्धतीत, जिथे 9 नंतर A ते F येतात) 2F, तोही बाहेर. यंत्रात प्रत्येक आकडा 8, 4, 2, 1 अशा चार बिटांनी, म्हणजे चालू-बंद खुणांनी, बनतो आणि दोन्ही वेळा 8 चा बिट चालू होतो, म्हणून हेक्समधल्या 88 शी एक AND केला, म्हणजे ओळ आणि जागा दोन्हींतला 8 चा बिट एकदम तपासला, की मोहरा पटावर आहे की नाही ते कळतं, चारही कडा वेगळ्या तपासायची गरजच नाही. 1 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर हे हजारो वेळा करायचं असतं तेव्हा त्या एका इन्स्ट्रक्शनची (प्रोसेसरला दिलेल्या एका आज्ञेची) किंमत कळते.

हाच मायक्रोचेस सुधारून 1978 मध्ये कमोडोर कंपनीच्या चेसमेट या बुद्धिबळाच्या यंत्रात गेला. त्याच वर्षी डॅन आणि कॅथी स्प्रॅकलेन या जोडप्याचा सार्गोन हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आला, झेड80 प्रोसेसरच्या असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेत, लिहिलेला. फार खोल बघणं परवडत नाही म्हणून त्यांनी कुठल्या मोहऱ्यावर किती जण टपलेत आणि त्याला किती जणांचा आधार आहे हे मोजून मारामारीचा निकाल आधीच काढायची सोय केली. पुढे ते फिडेलिटी कंपनीच्या चेस चॅलेंजर या बुद्धिबळाच्या मशीनसाठी प्रोग्रॅम लिहायला लागले.

मायक्रोचेसचं लिस्टिंग, म्हणजे प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी, तेव्हा छापील मिळायचं आणि लोक ते हाताने टाइप करायचे. आजही ते नेटवर सापडतं. त्यातला चाल तपासणारा भाग अगदी थोडक्या ओळींचा आहे, तो वाचा आणि मग मला सांगा चाली कुठे भरल्यात ते.